अंगावरचे दूध आणि बापाचा वाटा

'आईचं दूध प्यायला असशील तर पुढं ये', असे आव्हान आपल्याकडे मर्द मर्दाला देतो. भांडणात देतो, निवडणुकीच्या सभेत देतो, क्वचित मोर्चातही देतो. आईच्या दुधावर पुरुषाने आपल्या मर्दुमकीचा एवढा डोलारा उभा केला. परंतु हे दूध बाळाच्या पोटात जावे म्हणून त्या पुरुषाने काय केले, हा प्रश्न कुणी विचारीत नाही. साहित्याने या दुधाची थोरवी गायिली, धर्माने त्याचे ऋण सांगितले, आणि घरातल्या पुरुषाने ते 'बायकांचे काम' म्हणून बाजूला सारले. ज्या श्रमाला पवित्र ठरविले जाते त्या श्रमाची वाटणीही टळते आणि मोबदलाही टळतो, हा अनुभव आपल्या समाजाला नवा नाही. मैला वाहण्याच्या कामाला सेवा आणि पुण्य अशी नावे दिली गेली, म्हणून ते काम करणाऱ्याची पाटी उतरली नाही. मातृत्वाच्या गौरवाकडेही आपण याच संशयाने पाहिले पाहिजे.

या लेखात मला एवढेच मांडावयाचे आहे. दूध आईच्या अंगावर येते, हे खरे. परंतु ते बाळाला पुरेसे आणि पुरेसे दिवस मिळणे हे घरातल्या श्रमाच्या वाटणीवर अवलंबून असते. त्या वाटणीत बापाचा वाटा भावनेचा नाही, कामाचा आहे. आणि ते काम करावयाला जो वेळ लागतो तो कष्टकरी बापाजवळ ठेवलेलाच नाही, म्हणून हा प्रश्न केवळ घरगुती न राहता चळवळीचा होतो.

मी घाटकोपरला असल्फ्याच्या डोंगरावरील वस्तीत वाढलो. पदवीपर्यंत पोहोचलेला घरातला पहिला मीच. आज मुलुंडच्या एका महाविद्यालयात शिकवितो. माझ्या वर्गात बसणारी मुले अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत रात्रपाळी करून येतात, कुणी मोटारसायकलवरून घरोघर पार्सले पोचवितो, कुणी टॉवरच्या फाटकावर वॉचमन असतो. यांतले काहीजण शिकता शिकताच बाप होतात. स्तनपानाविषयी त्यांच्याशी बोलू लागलो की प्रथम हशा होतो, मग शांतता होते, आणि मग एखादा हळूच विचारतो, 'सर, पण त्यात आम्ही काय करायचं असतं?' हा प्रश्न प्रामाणिक आहे. त्याचे उत्तर नीट द्यावयाचे तर आधी दुधाचे शास्त्र पाहावे लागेल.

अंगावरचे दूध म्हणजे भरून ठेवलेला हंडा नव्हे. हंड्यातले काढावे तसे कमी होते. इथे उलट आहे. बाळ जितके ओढते तितके नवे तयार होते. बाळ ओढू लागले की आईच्या मेंदूकडे संदेश जातो आणि प्रोलॅक्टिन नावाचे संप्रेरक दूध तयार करावयास लावते. ऑक्सिटोसिन नावाचे दुसरे संप्रेरक तयार झालेले दूध बाहेर ढकलते. आपल्या आयाबाया ज्याला 'पान्हा फुटणे' म्हणतात ते हेच. या दुसऱ्या संप्रेरकाचे वैशिष्ट्य असे की भीती, वेदना, अपमान आणि तणाव यांनी ते अडते. दूध अंगात असते, पण उतरत नाही. बाळ रडते, आई घाबरते, घाबरल्याने पान्हा आणखी आटतो. मग कुणी तरी 'हिला दूधच नाही' असा निकाल देतो आणि डबा आणविला जातो. डब्याच्या दुधाने पोट भरलेले बाळ अंगावर कमी ओढते. कमी ओढले की कमी तयार होते. आठवड्याभरात तो खोटा निकाल खरा ठरतो.

या साखळीत बाप कुठे आहे, ते आता दिसू लागेल. पान्हा अडविणारी भीती घरात कोण आणतो? दारू पिऊन आल्यावर भांडी फेकणारा हात, 'पोरगीच झाली' म्हणून फिरविलेले तोंड, बाळंतिणीच्या माहेरून काय आले याचा हिशेब, ही सारी त्या अडलेल्या पान्ह्याची कारणे आहेत. बापाचा पहिला वाटा म्हणजे घरात त्याची भीती नसणे. यासाठी पैसा लागत नाही, रजा लागत नाही. म्हणून या बाबतीत गरिबीची सबब सांगता येणार नाही.

जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला सरळ आहे: जन्मानंतर तासाभराच्या आत बाळाला अंगावर घ्यावे, पहिले सहा महिने केवळ आईचे दूध द्यावे, पाणीसुद्धा नको, आणि त्यानंतर वरच्या अन्नासोबत दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ पाजावे. आपल्या देशाची स्थिती राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) दिसते. ८८.६ टक्के बाळंतपणे दवाखान्यात झाली. परंतु तासाभराच्या आत अंगावर घेतलेली बाळे ४१.८ टक्केच. सहा महिन्यांखालील बाळांपैकी केवळ आईच्या दुधावर असलेली ६३.७ टक्के, आधीच्या फेरीत (२०१५-१६) ती ५४.९ टक्के होती. म्हणजे सुधारणा आहे. परंतु दवाखाना गाठूनही निम्म्याहून अधिक बाळांचा पहिला तास वाया जातो. त्या तासात बाप कुठे असतो? बहुधा तो बाहेरच्या जिन्यात किंवा फाटकाशी, हातात औषधाची चिठ्ठी घेऊन उभा असतो. आत त्याला प्रवेश नाही, आणि बाहेर त्याला कुणी काही सांगत नाही. परंतु एक गोष्ट तो विचारू शकतो: 'बाळाला अंगावर घेतलं का?' नातेवाईक विचारीत राहिला की कामाच्या गर्दीतली परिचारिकाही ती गोष्ट विसरत नाही.

पहिले दोन-तीन दिवस जे दाट, पिवळसर दूध येते त्याला आपण चीक म्हणतो. गाय व्याली की तिच्या चिकाचा खरवस करून आपण चवीने खातो, शेजारी वाटतो. आणि बाईचा चीक मात्र 'जड असतो', 'खराब असतो' म्हणून कित्येक घरांत पिळून टाकला जातो. त्याच्या जागी मध चाटवितात, घुटी देतात, साखरेचे पाणी देतात. वस्तुतः रोगप्रतिकारक द्रव्ये या चिकात सर्वांत अधिक असतात. तो चमचाभरच येतो, कारण पहिल्या दिवशी बाळाचे पोटही तेवढेच असते. ही गोष्ट नव्या सुनेला दवाखान्यात सांगितली तरी घरी आल्यावर सासूपुढे ती बोलू शकत नाही. मुलगा बोलू शकतो. 'आई, मध नको, डॉक्टरांनी नाही म्हटलंय', हे वाक्य सुनेच्या तोंडून आले तर उद्धटपणा ठरतो. मुलाच्या तोंडून आले तर आई कुरकुरेल, पण ऐकेल. पुरुषाला घरात जो अन्याय्य अधिकार मिळालेला आहे तो मोडेपर्यंत निदान या कामी तरी त्याने तो खर्ची घालावा.

नंतरची कामे रोजची आहेत. आमच्या उपनगरांतल्या वस्त्यांत त्यांचे स्वरूप मध्यमवर्गीय पुस्तकांत लिहिल्यापेक्षा वेगळे आहे. दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसे राहतात. दीर, सासरा, येणारेजाणारे यांच्यासमोर बाई पदर सावरीत घाईघाईने पाजते, आणि बाळाचे पोट अर्धवट भरते. तिथे दोरीवर जुने लुगडे टाकून एक आडोसा करणे आणि 'ती आत आहे, जरा बाहेर बसू' असे पाहुण्याला सांगणे हे बापाचे काम आहे. डोंगरावरच्या वस्तीत पहाटे नळावर नंबर लावून हंडे वर चढवावे लागतात. ओल्या बाळंतिणीने हंडा उचलू नये, हे सगळे म्हणतात. पण मग तो कोण उचलणार हे कुणी म्हणत नाही. लंगोट आणि दुपटी धुणे, थोरल्या पोराला शाळेत सोडणे, रात्री पाजून झाल्यावर बाळाला खांद्यावर घेऊन त्याची ढेकर काढणे, यांपैकी एकाही कामासाठी अंगावर दूध असावे लागत नाही. सार्वजनिक नळावर लंगोट धुणाऱ्या पुरुषाला 'बाईलवेडा' म्हणतात. ज्यांच्या बापजाद्यांनी याहून किती तरी भयंकर शिव्या पचविल्या आणि तरी चवदार तळ्याचे पाणी घेतले, त्यांनी एवढ्या शब्दाने मागे सरावे काय?

जेवणाचे ताटही याच हिशेबात येते. मध्यम कुपोषित आईलाही बाळापुरते दूध बहुधा येते. पण ते तिच्या स्वतःच्या हाडामांसातून येते. पाजणाऱ्या बाईला पहिल्या सहा महिन्यांत रोज सुमारे ५०० ते ६०० कॅलरी जास्तीच्या लागतात. साध्या भाषेत दोनेक भाकरी, वाटीभर डाळ आणि एखादे अंडे. आपल्या घरांतली रीत अशी की पुरुष आधी जेवतात, मग मुले, आणि उरलेसुरले बाईचे. बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं'मध्ये महारवाड्यातल्या बाळंतिणीच्या उपासमारीचे जे वर्णन आले आहे, ते ज्यांनी वाचले आहे त्यांना या प्रश्नाची मुळे किती खोल आहेत हे सांगावयास नको. ते दैन्य जातिव्यवस्थेने लादले होते. परंतु आज घरात भाकरी असताना ती शेवटच्या पंगतीला बसत असेल, तर त्याचा दोष गावाकडच्या पाटलावर टाकता येणार नाही.

'दूध पुरत नाही' ही भीती सगळ्या घरांत येते. ती खरी की खोटी हे ओळखण्याच्या साध्या खुणा आहेत आणि त्या बापाने शिकून घ्याव्यात. पहिल्या आठवड्यानंतर बाळ दिवसभरात सहा किंवा अधिक वेळा लघवी करीत असेल आणि वजन वाढत असेल, तर दूध पुरते आहे. जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत बाळाचे वजन थोडे घटते आणि साधारण दोन आठवड्यांत भरून येते. त्यासाठी घाबरून डबा आणू नये. मात्र लघवी कमी असेल, बाळ मलूल असेल, ओढत नसेल, तर वाट न पाहता दवाखाना गाठावा. इटलीतील नेपल्स येथे २८० जोडप्यांचा एक अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यांतील निम्म्या बापांना दूध कमी का पडते, छाती का दुखते, अशा अडचणींत कशी मदत करावी हे शिकविले होते. त्यांच्या घरी सहा महिन्यांनंतर पूर्ण स्तनपान करणाऱ्या आया २५ टक्के होत्या. ज्या बापांना शिकविले नव्हते त्यांच्या घरी १५ टक्के. नुसते शिकविल्याने एवढा फरक पडतो.

बाई कामाला जाते तेव्हा काय, हा पुढचा प्रश्न. आपल्या बाया सहा महिने घरी बसत नाहीत. धुणीभांडी, बिगारी, कचरावेचणी, कारखाना, यांपैकी काहीही असो, दीड-दोन महिन्यांत कमरेला पदर खोचावा लागतो. हाताने काढलेले दूध झाकलेल्या स्वच्छ वाटीत घरच्या हवेत चारेक तास टिकते. ते वाटी-चमच्याने किंवा आपल्या जुन्या बोंडल्याने पाजता येते. रबरी बुचाच्या बाटलीची गरज नाही, आणि ती नीट उकळून घेण्याइतके पाणी आणि इंधन वस्तीत नसते. हे पाजण्याचे काम रात्रपाळी करून आलेला बाप दिवसा करू शकतो. माझ्या एका विद्यार्थ्याने ते चार महिने केले.

डब्याविषयी स्वतंत्रपणे बोलले पाहिजे, कारण डबा विकत घेणारा हात बहुधा बापाचा असतो. बाळाच्या भुकेपुढे असहाय झालेला पुरुष निदान पैसा खर्च करून आपले प्रेम सिद्ध करू पाहतो, हे भांडवलाने नेमके हेरले. गरीब देशांत दुधाच्या पावडरीचा जो बेदरकार प्रचार चालला होता त्याविरुद्ध १९७७ साली अमेरिकेत नेस्ले कंपनीवर बहिष्कार पुकारला गेला. १९८१ साली जागतिक आरोग्य सभेने या मालाच्या विक्रीसंबंधी आंतरराष्ट्रीय संहिता संमत केली. बाजूने ११८ मते, विरोधात एकच, अमेरिकेचे. भारताने १९९२ साली कायदा करून पर्यायी दूध आणि बाटल्या यांच्या जाहिराती आणि मोफत नमुने यांना बंदी घातली. २००३ साली तो अधिक कडक केला. गरिबाच्या घरी डबा आला की तो पुरवून वापरला जातो. चार मापांच्या जागी दोन मापे, आणि पाणी नळाचे. बाळाच्या पोटात अन्नाऐवजी हगवण जाते. अर्थात जिथे आई दगावली आहे किंवा फार आजारी आहे, तिथे डॉक्टरांच्या सल्ल्याने दुसरी सोय करावीच लागते. जिला पाजता येत नाही ती बाई कमी आई ठरत नाही, हेही बजावून सांगितले पाहिजे.

अशाच बाळांसाठी मुंबईत एक मोठे काम झाले आहे. मुलुंड-घाटकोपरकडून लोकलने येताना कुर्ल्यानंतर शीव लागते. तिथल्या लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली मातृदुग्धपेढी सुरू केली. आशिया खंडातली ती पहिली मानली जाते. जास्त दूध असलेल्या आया ते दान करतात. ते ६२.५ अंश सेल्सियसवर अर्धा तास तापवून निर्जंतुक केले जाते आणि अपुऱ्या दिवसांच्या, अशक्त बाळांना दिले जाते. शेजारी धारावी आहे. तिथे सगळ्या जातिधर्मांच्या आया बाळंत होतात. त्यांचे दूध एका भांड्यात येते आणि ज्याला गरज आहे त्या बाळाला जाते. ज्या देशात पाण्याला विटाळ होता, ज्या गावात सुईणीच्या हाताने बाळ बाहेर यावयाचे आणि मग त्या हाताचा विटाळ म्हणून घर धुतले जावयाचे, त्या देशातल्या एका सरकारी दवाखान्यात हे रोज घडते आहे. जातिअंताची भाषणे करताना आपण या भांड्याची आठवण ठेवावी.

आता वेळेच्या प्रश्नाकडे येतो. 'बापाने हे करावे, ते करावे' असे सांगणे सोपे आहे. पण बारा तासांची ड्यूटी आणि दोन-तीन तासांची लोकल यांतून त्याच्या हाती काय उरते? माझी मुलगी जन्मली तेव्हा मी एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर होतो. तास घेतला तर पैसे, बुडाला तर बुडाला. त्याच इमारतीतल्या कायम सहकाऱ्याला मात्र १५ दिवसांची पितृत्व रजा होती. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत ती आहे. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यालाही दोन अपत्यांपर्यंत १५ दिवस मिळतात. एकाच खडूने एकाच फळ्यावर लिहिणाऱ्या दोघांपैकी एकाच्या बाळाला बाप मिळावा आणि दुसऱ्याच्या बाळाला मिळू नये, हा न्याय कोणता? आणि मी निदान पदवीधर होतो. कंत्राटावर कचऱ्याची गाडी भरणारा, नाक्यावर उभा राहणारा गवंडी, पार्सलवाला, यांना तर रजा हा शब्दच माहीत नाही. हे कोण आहेत, कोणत्या जातींतले आहेत, हे या नियतकालिकाच्या वाचकाला सांगावयाची गरज नाही. बापपणाची रजा हा आपल्याकडे वर्गाचा आणि जातीचा अधिकार होऊन बसला आहे.

आईच्या रजेची लढाई आपण बऱ्याच अंशी जिंकली, आणि ती कशी जिंकली हे पाहणे उद्बोधक आहे. मुंबईच्या गिरण्यांत बाया कामाला जाताना तान्ह्या पोरांना अफूची गोळी देऊन झोपवीत, असा काळ होता. पान्हा गिरणीत वाहून जावयाचा आणि पोर घरी गुंगीत. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाच्या बाजूने बाबासाहेब बोलले. बाळंतपणाआधी आणि नंतर बाईला विश्रांती मिळणे यात राष्ट्राचे हित आहे आणि म्हणून त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलला पाहिजे, असे त्यांनी मांडले. बायांना राबवून नफा घेणाऱ्या मालकालाही त्यांनी मोकळे सोडले नाही. गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही त्यांची आणि रमाबाईंची चार अपत्ये लहानपणीच गेली. राजरत्न १९२६ साली गेला. चार मुले गमावलेला एक बाप त्या दिवशी सभागृहात उभा होता, हे आपण विसरू नये. १९२९ साली मुंबई प्रांताचा प्रसूती लाभ कायदा झाला. देशात असा कायदा करणारा हा पहिला प्रांत. पुढे १९६१ चा केंद्रीय कायदा आला, २०१७ च्या दुरुस्तीने रजा १२ आठवड्यांची २६ आठवडे झाली, आणि हीच तरतूद २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आली. ती संहिता नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. असंघटित बाईच्या हाती यातले फारसे पडत नाही, ही लढाई शिल्लकच आहे.

परंतु या सगळ्या कायद्यांत बाप नाही. संहितेतले पाळणाघराचे कलमच पाहा. ५० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत पाळणाघर असावे, असे ते म्हणते. ५० मोजताना पुरुषही मोजले जातात; मात्र दिवसातून चार वेळा पाळणाघरात जाऊन बाळाला पाहण्याची मुभा कायद्याच्या मजकुरात फक्त बाईला आहे. मोजणीत पुरुष कामगार आहे, पाळण्याशी तो बाप नाही. हिंगोलीचे खासदार राजीव सातव यांनी २०१७ साली लोकसभेत पितृत्व लाभाचे खासगी विधेयक मांडले होते. असंघटित कामगारांसकट सर्वांना १५ दिवसांची आणि पुढे तीन महिन्यांपर्यंत वाढविता येणारी रजा त्यात होती. त्याचा कायदा झाला नाही. मराठवाड्यातून निघालेली ही मागणी त्या विधेयकाबरोबर संपू देता कामा नये.

इथे दोन आक्षेपांचा विचार करावयास हवा. पहिला असा की हे मध्यमवर्गाचे चोचले आहेत, आपल्या पोरांना आधी भाकरी हवी. पण आपल्या बाळाच्या वाट्याला आलेली बिनपैशाची, बिनविटाळाची, रोगाला आडवी येणारी पहिली भाकरी हीच आहे. श्रीमंताच्या बाळाला डबा परवडतो, स्वच्छ पाणी असते, डॉक्टर असतो. आपल्या बाळाला यातले काही नाही, म्हणून त्याचे दूध हुकणे आपल्यालाच अधिक महाग पडते. दुसरा आक्षेप स्त्रीवादी भगिनींचा आहे आणि तो मला अधिक महत्त्वाचा वाटतो. बापाला या कामात आणले की तो साथी होण्याऐवजी मुकादम होईल; 'पाज, का पाजत नाहीस' असे हुकूम सोडू लागेल, असे त्यांना वाटते. ही भीती साधार आहे. म्हणून स्पष्ट म्हटले पाहिजे की शरीर तिचे आहे, किती पाजावे आणि केव्हा थांबावे याचा निर्णय तिचा आहे. बापाचा वाटा पाणी भरण्याचा आहे, देखरेखीचा नाही.

मग करावयाचे काय? आपल्या बुद्धविहारांत नामकरणाचे विधी होतात, पंचशील घेतले जाते, आणि भेट म्हणून कित्येकदा दुधाच्या बाटल्यांचा संच येतो. तिथेच तरुण बापांची बैठक घेता येईल. वस्तीतल्या आरोग्यसेविकेला बोलावून वर सांगितलेल्या खुणा समजावून घेता येतील. महाविद्यालयांतल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत मुलांसाठी हा विषय ठेवता येईल. मुलींना सांगून झाले, आता मुलांना सांगावे. महापालिकेच्या प्रसूतिगृहांत बापाला निदान एकदा बोलावून सल्ला द्यावा, अशी मागणी वॉर्ड पातळीवर करता येईल. बांधकाम कामगारांचे कल्याणकारी मंडळ प्रसूतीसाठी अर्थसाहाय्य देते; त्यात बापाच्या बुडालेल्या १५ दिवसांच्या मजुरीची भर पडावी. कंत्राटी सफाई कामगारांच्या, तासिका तत्त्वावरील अध्यापकांच्या आणि पार्सल पोचविणाऱ्यांच्या संघटनांनी आपल्या मागणीपत्रात पगाराच्या शेजारी पितृत्व रजा लिहावी. लिहिताना ती पुरुषाची सवलत म्हणून लिहू नये. बाळाचे दूध आणि आईची विश्रांती यांचा तो हक्क आहे, आणि म्हणून त्या काळात घरी राहून काम न करणाऱ्या बापाला संघटनेने जाबही विचारावा.

कायदा होईल तेव्हा होईल. पहाटेचा हंडा मात्र उद्याच भरावा लागणार आहे, आणि तो कुणी भरावयाचा हे ठरविण्यासाठी कोणत्याही विधिमंडळाची संमती लागत नाही.